पोपटींतील कोंबडी

आमच्या कर्जत-खालापुराकडे भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल होतो. शेंगा भरल्या म्हणजे थंडींत शेतांत मडक्याची पोपटी लावितात. हींत पाणी घालीत नाहींत. पाला व शेंगा यांच्या वाफेवरच सर्व शिजतें.

मडक्याच्या तळीं भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा पसराव्या. रताळीं, बटाटे व कोनफळाचे तुकडे कडेनें लावावे. हे जिन्नस उशिरां शिजतात. कोंबडीचे लहान तुकडे करून, मसाला लावून, केळीच्या पानांत बांधून मध्यें ठेवावे. वर पुन्हा शेंगा घालाव्या. तोंड पाल्यानें गच्च बंद करून मडकें उपडें ठेवावें व भोंवतीं काटक्या-गोवऱ्या पेटवाव्या. पेंढा गुरांची वैरण आहे. तो जाळूं नये.

मडक्यावर शिंपडलेलें पाणी चर्रकन् उडालें म्हणजे पोपटी झाली, असें मानतात. शेंगांपुरतें तें ठीक. कोंबडीची खात्री त्यानें होत नाहीं. तिचा जाड तुकडा आंतून ७४ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. उष्णतामापक नसल्यास हाडाजवळ चिरून पाहावें, व संशय राहिल्यास पातेल्यांत घालून पुन्हा शिजवावें. शेंगा खात थोडें थांबावें. पण मुलांबाळांस अर्धकच्चें मांस वाढूं नये, एवढेंच आमचें सांगणें.