बारा अधिक सात : शाळेतील पहिले ॲप आणि दोषशोधनाची शिस्त

मृग नक्षत्र लागले की वऱ्हाडातील गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : पेरणीजोगा पाऊस झाला काय? वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावही याला अपवाद असण्याचे कारण नाही. सोयाबीन आणि तूर ही या जिल्ह्याची खरिपातील प्रमुख पिके होत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देत असतो. घाईने पेरलेले बियाणे पावसाच्या खंडात सापडले म्हणजे दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. तेव्हा पावसाचा आकडा ही केवळ नोंदवहीची बाब नसून घरच्या अर्थकारणाची बाब आहे.

अशा गावातील शाळेने आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवणारे एक लहानसे मोबाईल ॲप तयार करून घेण्याचे ठरविले, अशी कल्पना करू. पहिल्या दिवशी १२ मिलिमीटर पाऊस झाला. ॲपने एकूण पाऊस १२ दाखविला. दुसऱ्या दिवशी ७ मिलिमीटर झाला आणि ॲपने एकूण पाऊस दाखविला १२७! प्रत्यक्षात झालेला पाऊस अवघा १९ मिलिमीटर. परंतु पडद्यावरील आकडा मात्र पेरणीची मर्यादा ओलांडून गेलेला. त्या आकड्यावर विसंबून कोणी तिफण बाहेर काढली तर काय होईल, हे सांगावयास नको.

ही चूक कशी होते, ती कशी शोधावी आणि अशा कामी लागणारी मोबाईलची उपसाधने कशी पारखून घ्यावीत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

वापरणारे आणि घडविणारे

ॲप ही वस्तू आता ग्रामीण महाराष्ट्राला नवी राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पाने शेतकऱ्याच्या हाती पिकाची नोंद स्वतः करण्याचे साधन दिले. बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ते स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह पाठवावयाचे, ही पद्धत लाखो खातेदारांच्या परिचयाची झाली. तथापि ॲप वापरणे आणि ॲप घडविणे यांत फरक आहे. घडविणाऱ्याला चुका शोधाव्या लागतात.

शाळकरी मुलांना हे काम जमेल काय, अशी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन यांच्या मार्गदर्शनाखाली काही मुलींनी २०१४ च्या सुमारास ॲप तयार केली. त्यांपैकी एक स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी होते, तर दुसरे सार्वजनिक नळावरील पाण्याची पाळी कळविणारे होते. प्रश्न त्यांच्या वस्तीचे होते आणि उत्तरेही त्यांनीच शोधली. त्यांनी वापरलेले साधन होते ‘ॲप इन्व्हेंटर’. २०१० मध्ये गूगलने ते प्रथम उपलब्ध केले आणि २०१२ पासून अमेरिकेतील एमआयटी ही संस्था ते चालवीत आहे. यासाठी शुल्क नाही. संगणकीय भाषेतील ओळी लिहिण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून सूचना तयार करावयाच्या असल्याने नवशिक्यांना ते सोयीचे पडते. ठोकळे सोपे असले, तरी ते चुकीचे जोडले तर परिणामही चुकीचाच मिळतो.

पहिला दोष : जोडणे की मिळविणे?

आपल्या उदाहरणाकडे वळू. १२ आणि ७ यांचे १२७ होण्याचे कारण एका ठोकळ्यात आहे. ॲप इन्व्हेंटरमध्ये ‘जॉइन’ नावाचा ठोकळा दोन मजकूर एकापुढे एक ठेवतो. अधिक चिन्हाचा ठोकळा दोन संख्यांची बेरीज करतो. विद्यार्थ्याच्या मनात ‘जोडणे’ आणि ‘मिळविणे’ यांची गल्लत झाली आणि बेरजेच्या जागी ‘जॉइन’ बसला. पहिल्या दिवशी मागील नोंदच नसल्यामुळे उत्तर बरोबर आले. म्हणून लक्षात ठेवावयाचा पहिला धडा असा की, एकदा बरोबर आलेले उत्तर हा ॲप निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

दुसरा दोष : गुरुजींच्या मोबाईलवर चालते, विद्यार्थ्याच्या नाही

‘जॉइन’ काढून बेरजेचा ठोकळा बसविला. गुरुजींच्या मोबाईलवर ॲप चालू लागले. पण एका विद्यार्थिनीच्या मोबाईलवर पहिलीच नोंद करताना चुकीचा संदेश आला. असे का व्हावे?

ॲप बंद झाल्यावरही नोंद टिकून राहावी, म्हणून ती ‘टायनीडीबी’ या साठवणीत ठेवलेली असते. प्रत्येक नोंदीला एक नाव द्यावे लागते आणि त्या नावाने ती परत मागावी लागते. त्या नावाची नोंद नसेल तर काय द्यावे, हेही आधी सांगून ठेवावयाचे असते. येथे ती जागा रिकामी सोडलेली होती. गुरुजींच्या मोबाईलमध्ये जुनी नोंद असल्याने बेरीज झाली. विद्यार्थिनीच्या मोबाईलमध्ये नोंद नसल्याने ‘काहीच नाही अधिक १२’ अशी बेरीज करण्याची पाळी आली. रिकाम्या जागी शून्य लिहिताच दोष दूर होतो.

मात्र गुरुजींच्या मोबाईलमध्ये जुना १२७ हा आकडा तसाच साठलेला आहे, हे विसरता कामा नये. सूचना दुरुस्त झाल्या तरी चुकीची माहिती आपोआप दुरुस्त होत नाही. दुरुस्तीनंतर साठवण रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून तपासणी करावी. ‘कंपॅनियन’ या चाचणीच्या ॲपमधून पाहत असताना सर्व प्रकल्पांची साठवण सामाईक असते. त्यामुळे एका प्रकल्पातील जुनी नोंद दुसऱ्यात डोकावू शकते, हेही ध्यानी असावे.

तिसरा दोष : ऱ्हस्व-दीर्घाचा

नोंद साठविताना तिचे नाव ‘पाऊस’ असे लिहिले आणि मागताना ‘पाउस’ असे लिहिले, तर संगणकाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी नावे होत. माणूस शुद्धलेखनाची चूक समजून घेतो. यंत्र घेत नाही. नोंद हरवल्यासारखी वाटते, परंतु ती हरवलेली नसून दुसऱ्या नावाखाली पडून असते. अशी नावे एकदाच लिहून सर्वत्र तीच उपयोगात आणावीत. मराठीच्या तासाला शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचे महत्त्व येथे आपोआप पटते.

चौथा दोष : एकाच पावसाची दोनदा नोंद

हा दोष ठोकळ्यांत नसून विचारात आहे. बटण दोनदा दाबले गेले, किंवा दोघांनी एकाच दिवसाची नोंद केली, तर एकच पाऊस दोनदा मोजला जाईल. यासाठी केवळ एकूण आकडा साठविण्याऐवजी प्रत्येक दिवसाची नोंद त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने साठवावी आणि एकूण पाऊस त्या सर्व नोंदींवरून काढावा. एकाच नावाने दुसऱ्यांदा साठविलेली नोंद पहिलीची जागा घेते. तीत भर घालीत नाही. त्यामुळे दुबार नोंदीचा धोका टळतो आणि चुकलेली नोंद सुधारताही येते.

पावसाचा दिवसही निश्चित हवा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार दैनिक पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजला जातो. शाळेनेही तीच वेळ पाळावी. पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत नसावे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी, हे गणित विद्यार्थ्यांना आधी समजावून द्यावे; म्हणजे आकड्यामागील अर्थ त्यांना कळेल.

एका वेळी एकच बदल

वरील चारही दोष शोधण्याची रीत एकच आहे. प्रथम दोष पुन्हा घडवून पाहावा. नेमके काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे तीन ओळींत लिहावे. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा पाहावे. तपासणीसाठी ठरावीक नोंदी ठेवाव्यात : १२ व त्यानंतर ७, शून्य, रिकामी जागा, १,२०० सारखा अशक्य आकडा, आणि एकाच दिवसाची दुसरी नोंद. मराठी कळफलकावरून देवनागरी अंक भरूनही पाहावे, कारण गावातील माणूस ते भरण्याचा संभव आहे. ॲपमध्ये कोणताही बदल केला की हे सर्व पुन्हा तपासावे.

उपसाधनांची पारख

पुष्कळदा दोष ॲपमध्ये नसतोच. संगणकावरील काम मोबाईलवर पाहावयाचे तर दोन्ही साधने सामान्यतः एकाच वाय-फाय जाळ्यावर असावी लागतात. शाळेत वाय-फाय नसल्यास मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडता येतो. तेही न जमल्यास केबलचा मार्ग उरतो.

येथे प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगणे उपयुक्त ठरेल. मोबाईल संगणकाला जोडला असता चार्ज होत होता; परंतु संगणकाला तो दिसत नव्हता. वैतागून केबल, संगणकाचे छिद्र आणि मोबाईलमधील सेटिंग अशा तीन गोष्टी एकदमच बदलल्या. जोडणी झाली. आठवड्याने तोच अडथळा पुन्हा आला आणि पहिल्या वेळी नेमके कशाने काम झाले होते, ते सांगता येईना. मग एकेक गोष्ट बदलून पाहिली तेव्हा उलगडा झाला : स्वस्त म्हणून घेतलेल्या केबलमध्ये केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा होत्या, माहिती नेणाऱ्या तारा नव्हत्याच. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम ॲपइतकाच केबललाही लागू पडतो, हे त्या दुपारने शिकविले.

केबलप्रमाणेच ओटीजी जोडणीही मोबाईल सोबत घेऊनच पारखावी. पेनड्राइव्ह किंवा कळफलक जोडून तो ओळखला जातो काय, ते पाहावे. काही मोबाईलमध्ये ही सोय सेटिंगमधून सुरू करावी लागते. त्यामुळे जोडणीला दोष देण्यापूर्वी तेवढे तपासावे.

विजेचा भरवसा नसलेल्या गावात पॉवर बँक उपयोगी पडते. परंतु तिच्यावरील आकडा नीट वाचावा. १०,००० मिलिॲम्पिअर-तास हा आकडा सामान्यतः आतील ३.७ व्होल्टच्या विद्युतघटाचा असतो. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-तास. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या मोबाईलला एकदा पूर्ण भरण्यास सुमारे १९ वॉट-तास लागतात. कागदावर तो जवळजवळ दोनदा भरेल असे वाटते. पण रूपांतरातील व उष्णतेतील घट धरता प्रत्यक्षात साधारण दीड वेळा भरतो. पॉवर बँक आणि मोबाईलचे चार्जर ही भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येणारी साधने आहेत. त्यांवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपवरून तो पडताळता येतो. शाळेसाठी वा ग्रामपंचायतीसाठी खरेदी करताना एवढी तपासणी अवश्य करावी. फुगलेली पॉवर बँक कितीही नवी असली, तरी ती मुलांच्या हाती देऊ नये.

दोषांची वही

शाळेने या कामासाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, आढळलेला दोष, केलेला एक बदल आणि परिणाम असे चार रकाने पुरेत. वर्ष संपता संपता ही वही पुढील वर्गासाठी पाठ्यपुस्तकाइतकीच मोलाची ठरेल. शिक्षकांनी चुकीबद्दल रागावण्याऐवजी ती नीट लिहून काढणाऱ्याची पाठ थोपटावी.

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. शाळेची नोंद ही शासकीय नोंदीची जागा घेणारी नव्हे. तिचे महत्त्व निराळे आहे. मंडळाच्या ठिकाणी बरसलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही आणि गावाला स्वतःच्या शिवाराचा अंदाज हवा असतो. म्हणूनच ग्रामपंचायतीने असा आकडा फलकावर लावण्यापूर्वी निदान काही दिवस वहीतील हाताने केलेल्या बेरजेशी तो ताडून पाहावा.

पेरणीचा निर्णय अखेर शेतकरीच घेणार आहे. त्याच्यापुढे ठेवला जाणारा आकडा तपासून घेतलेला असावा, ही जबाबदारी तो आकडा देणाऱ्यांची आहे. बारा अधिक सात म्हणजे एकोणीस, हे सर्वांनाच ठाऊक आहे. ॲपलाही ते ठाऊक आहे की नाही, हे पाहूनच ते गावाच्या हाती द्यावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ॲप पहिल्या दिवशी बरोबर आणि दुसऱ्या दिवशी चुकीचे उत्तर का देते?
२. सूचना दुरुस्त केल्यावर साठवण रिकामी करणे का आवश्यक असते?
३. मोबाईल चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. एका वेळी एकच बदल करून कारण कसे शोधाल, ते क्रमाने लिहा.
४. आपल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत वापरात असलेल्या एखाद्या ॲपसाठी तपासणीच्या पाच नोंदी ठरवा.