थायरॉईडचे औषध घेणारा विद्यार्थी आणि त्याचे हृदय

गळ्याच्या पुढील भागातील थायरॉईड ग्रंथीचा रस कमी पडला, म्हणजे मुलाची वाढ खुंटते, हृदयाचे ठोके मंदावतात व मूल सुस्त दिसते. अशा मुलास आळशी म्हणणे हा अन्याय होय. इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडातील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन या विकारावर उपचार केला. आज थायरॉक्सिनची गोळी रोज उपाशीपोटी देतात.

मात्रा योग्य असल्यास नाडी पूर्ववत होते व उत्साह परततो. मात्रा अधिक झाल्यास मात्र स्वस्थ बसले असताही हृदय धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो आणि चित्त अभ्यासात ठरत नाही. हा खोडकरपणा समजून शिक्षा करू नये. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी, दिनांकासह टिपून ठेवावी आणि ते टिपण पालकांमार्फत डॉक्टरांकडे पाठवावे. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास विलंब न करता आरोग्य केंद्रात न्यावे.

औषध बंद करण्याचा सल्ला मात्र शिक्षकाने कदापि देऊ नये. मात्रा ठरविणे डॉक्टरांचे काम. मुलातील बदल वेळीच हेरणे आपले.