सातबाऱ्यामागचा कोड : जुन्या सरकारी प्रणालींच्या नूतनीकरणातील करिअर

शासनाची जुनी संगणक प्रणाली मोडीत काढणे सोपे नसते, कारण तिच्यातील नोंद हाच नागरिकाच्या हक्काचा पुरावा असतो. ती नोंद आणि तिच्याशी जोडलेले नियम अबाधित राखून प्रणाली नव्या तंत्रज्ञानावर नेण्याच्या कामाला ‘कोड मायग्रेशन’, म्हणजे आज्ञावलीचे स्थलांतर, असे म्हणतात.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सातबारा. गाव नमुना 7 मध्ये जमिनीवरील हक्क आणि नमुना 12 मध्ये पिके नोंदवली जातात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने विकसित केलेल्या ‘ई-फेरफार’ प्रणालीमुळे हे अभिलेख तालुक्यांतील सुट्या संगणकांवरून ऑनलाइन आले. हस्तलिखित आणि संगणकीकृत नोंदी जुळवण्यासाठी स्वतंत्र ‘एडिट मॉड्यूल’ वापरले गेले आणि गावोगावी चावडी वाचन, म्हणजे नोंदींचे जाहीर वाचन, झाले. पुढे 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवण्याची सोय, सुरू झाली.

स्थलांतरातील खरी अडचण भाषांतराची नसून अर्थ टिकवण्याची असते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीत, आणताना एखादे जोडाक्षर निसटले, तर ‘वऱ्हाडे’चे ‘वहाडे’ होऊन खातेदाराची ओळखच बदलते. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरित करता येत नाही. ही अट नव्या कोडमध्ये उतरली नाही, तर बेकायदा फेरफाराला वाट मिळते. चिखलदऱ्यासारख्या डोंगरी तालुक्यात रेंज नसताना मोबाइलवर भरलेली पीक पाहणीची माहिती नंतर बिनचूक चढली पाहिजे, हीदेखील तांत्रिक अटच ठरते.

या क्षेत्रासाठी दहावीनंतर संगणक अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, किंवा बारावी विज्ञानानंतर सीईटीद्वारे पदवीला जाता येते. अशा पदवीसाठी, उदाहरणार्थ, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून कार्यरत आहे. बीसीए आणि त्यानंतर दोन वर्षांचे एमसीए हा तिसरा मार्ग आहे. जावा, एसक्यूएल आणि चाचणीशास्त्र यांच्या जोडीला दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याची सवय आवश्यक असते. 1959 साली जन्मलेली कोबॉल भाषा बँकिंग व्यवस्थांत अजूनही वापरात असल्याने जुन्या भाषांचे ज्ञान वाया जात नाही.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सरकारी प्रणालीवरील काम म्हणजे कायम सरकारी नोकरी नव्हे, कारण त्यातील बरेचसे काम कंत्राटाने खासगी कंपन्यांकडे जाते. त्यामुळे सेवाशर्ती आधी पाहणे हिताचे ठरते. कृत्रिम बुद्धिमत्ता कोडचे रूपांतर झटपट करू लागली असली, तरी जुनी आणि नवी प्रणाली एकाच नोंदीवर एकच उत्तर देतात की नाही, हे ठरवण्यासाठी नियमांचा जाणकार लागतोच.

विद्यार्थ्याचा कल तपासण्यासाठी महागड्या चाचणीची गरज नाही. घरचा सातबारा आणि त्यावरील फेरफार समोर ठेवून कोणता रकाना रिकामा चालणार नाही, कोणते दोन आकडे जुळलेच पाहिजेत आणि कोणती नोंद परवानगीविना बदलू नये, याची यादी त्याला करू द्यावी. पटवाऱ्याच्या दप्तरातील हा किचकटपणा ज्याला कंटाळवाणा न वाटता उलगडावासा वाटेल, त्याने या क्षेत्राचा विचार अवश्य करावा.