मोफत हिशेबप्रणाली आणि औषधालयाचा छुपा खर्च

औषधालय चालविणाऱ्या वैद्याला दोन वह्या चुकत नाहीत. एक रुग्णांची आणि दुसरी पैशांची. पहिलीबाबत आपण सारेच दक्ष असतो. दुसरी मात्र बहुतेकांच्या हातून रात्री दवाखाना बंद झाल्यावर, सवडीने लिहिली जाते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ही सवडीची वही संगणकावर नेणे अनेकांना भाग पडले. त्याच सुमारास मोबाईलवर चालणाऱ्या मोफत हिशेबप्रणालींची रेलचेल झाली. आम्हीही २०१८ साली त्यांपैकी एक घेतली व सात वर्षे वापरली. मोफत प्रणाली कोठे व कशी महाग पडते, याचा विचार त्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ‘मोफत’ या शब्दाची फोड करणे अगत्याचे आहे, कारण त्याखाली अगदी भिन्न प्रकृतीच्या गोष्टी येतात. काही प्रणाली केवळ शिकण्यापुरत्या मोफत असतात. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती हे त्याचे परिचित उदाहरण. तीत महिन्यातील मोजक्या दोन-तीन तारखांनाच नोंद करता येते, म्हणजे दैनंदिन व्यवहारास तिचा उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात बिल बनविणे मोफत असते आणि त्यापुढील प्रत्येक पायरीवर शुल्काची पाटी असते. तिसरा प्रकार मुक्त प्रणालींचा. ग्नूकॅश किंवा मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट या त्यांपैकी होत. येथे प्रणालीचे मूल्य खरोखरच शून्य आहे. परंतु ग्नूकॅशला आपल्याकडील कररचना स्वतःहून ठाऊक नाही, आणि ईआरपीनेक्स्ट चालविण्यास सर्व्हरचे भाडे व जाणता माणूस लागतो. याखेरीज २०१९ मध्ये जीएसटी नेटवर्कनेही दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या करदात्यांसाठी मोफत हिशेबप्रणाली उपलब्ध करून दिली होती, हे अनेक वैद्यांच्या कानावरही आले नाही.

आमची फसगत दुसऱ्या प्रकारात झाली. औषध फुकट मिळावे आणि अनुपान मात्र सोन्याच्या भावाने घ्यावे लागावे, तशी ही स्थिती असते.

सर्वांत मोठा छुपा खर्च साठ्याच्या नोंदीत दडलेला असतो, आणि तो आपल्या व्यवसायात इतर दुकानदारीपेक्षा अधिक आहे. किराणा दुकानदार साबण विकत घेतो व साबणच विकतो. वैद्य सुकी द्रव्ये घेतो आणि सिद्ध औषध देतो. सितोपलादी चूर्णाचेच पाहा. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १. अशा पाच खरेदी मिळून ३१ भागांचे एक औषध होते, त्यातही कुटण्या-गाळण्यात घट येते ती वेगळीच. आमच्या प्रणालीच्या मोफत आवृत्तीत ‘पाच द्रव्ये खर्ची पडली व एक चूर्ण तयार झाले’ ही नोंद करण्याची सोयच नव्हती. परिणामी वंशलोचन खरेदीगणिक कागदावर वाढत गेले आणि चूर्णाचा साठा विक्रीगणिक उणे होत गेला. मार्चअखेरीस कागदावर भरपूर वंशलोचन शिल्लक, आणि डबा रिकामा.

यात पैसा कोठे गेला, असे कोणी विचारील. अखेरचा साठा जितका फुगलेला, तितका नफा फुगलेला दिसतो, आणि त्या न झालेल्या नफ्यावर आयकर भरला जातो. उणे साठ्याकडे प्रणाली शून्य म्हणून पाहत असल्याने ती चूक आपोआप भरून निघत नाही. आमच्या करसल्लागारांच्या ध्यानात ही गोष्ट तिसऱ्या वर्षी आली. तोवर दोन विवरणपत्रे गेली होती.

मुदतीचा प्रश्न याला जोडूनच येतो. शार्ङ्गधर संहितेने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे, तर आसव व रसौषधी जुन्या झाल्यावर अधिक गुणकारी मानल्या आहेत. आजचा कायदाही औषधे व प्रसाधने नियमांतील १६१-बी या नियमाने आयुर्वेदीय कल्पांची मुदत ठरवितो. म्हणजे प्रत्येक कल्पाची कालगणना निराळी. बॅच क्रमांक व मुदत यांची नोंद मोफत आवृत्तीत नसेल, तर ‘अविपत्तिकर चूर्ण : ४० नग’ एवढीच एक ओळ दिसते. त्या चाळीसांतील किती कालबाह्य झाले, हे कपाट उघडल्यावर कळते. कंपनीकडे परत पाठविण्याची वेळ तोवर बहुधा टळून गेलेली असते. हा तोटा कोणत्याही खात्यावर ‘प्रणालीचा खर्च’ म्हणून दिसत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. दोषांचा संचय व्हावा आणि प्रकोपापर्यंत रुग्णाने वैद्याकडे येऊ नये, तसेच हे.

करदर बदलला की या प्रणालींची परीक्षा होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक आयुर्वेदिक औषधांवरील वस्तू व सेवा कराचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या यादीत चारशेहून अधिक औषधे होती. सर्वांचा दर एकदम बदलण्याची सोय सशुल्क आवृत्तीत, मोफत आवृत्तीत एकेक औषध उघडावयाचे. आमच्या सहायकाने दोन रात्री बसून ते काम केले. त्यात सतरा औषधे राहून गेली. तीन आठवड्यांनी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने, जे आमचे जुने रुग्ण आहेत, आमच्यासमोर दोन बिले ठेवली आणि म्हणाले, “डॉक्टर, अभयारिष्टाला पाच टक्के आणि दशमूलारिष्टाला बारा, असे का हो?” आम्हांस उत्तर देता आले नाही. कर म्हणून गोळा केलेली रक्कम जीएसटी कायद्याच्या कलम ७६ नुसार सरकारजमाच करावी लागते, ती आपली राहत नाही. रुग्णांना परतावा द्यावयाचा तर क्रेडिट नोट हवी, आणि तीही शुल्काच्या पाटीमागे! परतावा आम्ही पदरचा दिला.

वेळेचा हिशेब थोडक्यात सांगतो. एखाद्या मोफत प्रणालीमुळे दररोज केवळ वीस मिनिटे दुबार नोंदीत गेली, तरी तीनशे कामाच्या दिवसांत शंभर तास होतात. तेवढ्या तासांत आपण किती रुग्ण पाहतो, ते प्रत्येकाने आपापल्यापुरते मोजावे.

रुग्णांच्या माहितीबद्दल मात्र सविस्तर बोलणे प्राप्त आहे. आपल्या बिलावर रुग्णाचे नाव, मोबाईल क्रमांक आणि औषधाचे नाव एकत्र असते. औषधावरून व्याधी ओळखणे जाणकाराला अवघड नाही. वंध्यत्व, अर्श, मानसविकार यांचे कल्प ठरलेले आहेत. प्रणाली फुकट देणाऱ्याचाही प्रपंच चालावयाचा असतो. जाहिराती, कर्जाचे प्रस्ताव, पैशांच्या देवघेवीवरील दलाली असे त्याचे मार्ग असतात, आणि या सर्वांना कच्चा माल म्हणून माहितीच लागते. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचे बंधन स्पष्ट आहे. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या त्याच्या नियमांनी या जबाबदारीला कायद्याचेही रूप दिले आहे. आम्ही स्वतः सात वर्षांत त्या प्रणालीच्या अटी एकदाही वाचल्या नव्हत्या, हे येथे कबूल करतो.

शेवटी बाहेर पडण्याचे मूल्य. आम्ही ती प्रणाली सोडावयाचे ठरविले, तेव्हा कळले की सात वर्षांची बिले एकेक करून छापता येतात, पण एकत्रित तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येत नाहीत. त्यासाठी एका वर्षाचे शुल्क भरावे लागले. सावकाराकडून गहाण दागिना सोडवावा, तशी आम्ही आपलीच वही सोडवून आणली. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. प्रणाली बंद पडली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. कॅनडातील वेव्ह या मोफत प्रणालीने २०२० मध्ये अमेरिका व कॅनडा वगळता इतर देशांतील नव्या ग्राहकांना दार बंद केले. पैसे मोजल्यानेही हमी मिळते असे नाही. क्विकबुक्स ही सशुल्क प्रणाली २०२३ मध्ये भारतातून निघून गेली आणि तिच्या ग्राहकांना ठरलेल्या मुदतीत हिशेब हलवावे लागले. तेव्हा प्रणाली घेतानाच, पहिल्या आठवड्यात, दहा खोटी बिले करून ती तक्त्यात बाहेर काढून पाहावीत. निघाली नाहीत, तर पुढे जाऊ नये.

मोफत प्रणाली सर्वांनाच वर्ज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. जो वैद्य स्वतः औषध बनवीत नाही, दिवसाला पंधरा-वीस बिले करतो आणि ज्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्याचे काम तीवर चालते. मात्र पूर्वीच्या आयकर नियम ६एफ खालील नमुना ३सी या दैनंदिन रुग्णनोंदवहीची जागा ती घेऊ शकत नव्हती. त्या नमुन्याच्या मथळ्यात वैद्य व हकीम यांचा नामोल्लेखच होता. दुकानांसाठी केलेल्या प्रणालीकर्त्यांनी तो वाचला असेल असे वाटत नाही.

आमच्या औषधालयात आता सशुल्क प्रणाली आहे. दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सर्व नोंदी तक्त्यात काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवतो. एक औषधालयात, एक घरी. तीन महिन्यांतून एकदा तो तक्ता उघडून पाच द्रव्ये निवडतो आणि प्रत्यक्ष डब्यांशी तोलून पाहतो. वंशलोचनाचा डबा त्यांत दर वेळी असतो.