सुवार्तेत भर घालणारे शिक्षक

(अभ्यासपाठ : गलती १:६-१०, २:१-१४)

पौल प्रेषित आपल्या बहुतेक पत्रांत आरंभी मंडळीविषयी देवाचे आभार मानतो. करिंथ येथील मंडळीत तंटे व अनीती माजली होती, तरी तिला लिहितानाही त्याने आभार मानण्याचे सोडले नाही. गलतीकरांस मात्र नमस्कार संपताच तो एकदम बोल लावू लागतो. असे कोणते पाप त्यांच्या हातून घडले होते? त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते, की भर सभेत कोणी त्याची निंदाही केली नव्हती.

गलतीया प्रांत आजच्या तुर्कस्तानात मोडतो. तेथे पौलाच्या मागून काही यहूदी मताचे शिक्षक आले. ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला व पुन्हा उठला, हे त्यांस मान्य होते. त्यांचे म्हणणे इतकेच की, ह्याला सुंतेची जोड द्या, म्हणजे तारण पुरे होईल. शिवाय त्यांच्या हाती शास्त्रवचनही होते. सुंतेचा करार सर्वकाळचा आहे असे उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात लिहिले आहे. हे वचन पुढे टाकल्यास आपल्यातील एखादा जुना उपदेशकही क्षणभर गप्प बसेल. पौल मागे १५ व्या अध्यायाकडे बोट दाखवितो : अब्राहामाची सुंता होण्यापूर्वीच देवाने त्याला विश्वासावरून नीतिमान गणले होते. मग जे सुंतेने पुरे व्हावयाचे, ते वधस्तंभावर अपुरे राहिले होते काय?

येथे एक शंका निघते. पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही, पण लुस्त्र येथील तीमथ्याची तर स्वतःच केली (प्रे. कृ. १६:३). हा दुटप्पीपणा नव्हे. तीमथ्याची आई यहूदीण होती, व यहूदी लोकांत काम करणे त्याला सोपे जावे एवढाच तेथे हेतू होता. तीताविषयी मात्र आग्रह धरला गेला. अमुक वेश किंवा अमुक चाल सोयीची आहे असे सांगणे निराळे, व तिच्यावाचून देव तुला स्वीकारणार नाही असे सांगणे निराळे. बाप्तिस्म्यासाठी लोकांस तयार करणाऱ्या उपदेशकांनी हा भेद विशेष ध्यानी घ्यावा.

ह्याहून सूक्ष्म प्रकार सिरियातील अंत्युखियात घडला. केफा, म्हणजे पेत्र, तेथे परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीस जेवत असे. याकोबाकडून काही मंडळी आली, तेव्हा तो भिऊन मागे सरला. त्याच्यामागे बर्णबाही गेला. केफाने कोणताही खोटा उपदेश केला नाही. त्याने फक्त आपला पाट हलविला. तेवढ्याने सुवार्तेचे सत्य वाकडे झाले असे पौलाने ठरविले, व सर्वांदेखत त्याला दोष दिला.

पंक्तीतील हा दोष हिंदुस्थानातील मंडळ्यांसही चिकटला. मराठी राजांच्या तंजावरात उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती लोक उपासनेत वेगळे बसत, व प्रभुभोजनाचा प्यालाही आधी आपण घेत. अठराव्या शतकातील जर्मन मिशनरी पुरुषांनी ही चाल सहन केली होती. काळाने ती आपोआप जाईल, ही आशा फोल ठरली. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र पाठवून मंडळीतील जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकण्यास सांगितले. पत्र वाचले गेले तेव्हा पुष्कळ जण मंडळी सोडून निघून गेले. त्यांचा धर्ममताविषयी काही वाद नव्हता. वाद होता तो शेजारी कोण बसतो ह्याचा.

अंत्युखियात केफाने पौलास काय उत्तर दिले, हे पौल लिहीत नाही. परंतु पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय उघडून १५ वे वचन पाहावे. तेथे पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा केलेला आहे.