‘गेट’ शिकवताना उमगलेलं

प्रौढांना इंग्रजी संभाषण शिकवताना माझा सर्वांत जास्त वेळ ‘गेट’ या क्रियापदावर जातो. मराठी माध्यमातून आलेल्यांना व्याकरण बऱ्यापैकी येत असतं. अडतं ते या इवल्याशा शब्दापाशी.

१. ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्यावर थांबू नये. नोकरी, पत्र, बक्षीस इथवर हा अर्थ चालतो. पुढे ठिकाण आलं की तो ‘पोचणं’ होतो, विशेषण आलं की ‘होणं’. ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं, ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणं. आणि ‘आय गेट इट’ म्हणजे ‘कळलं मला’.

२. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटू शकतं, यानं स्वतःच कात्री चालवली. न्हाव्याकडे गेला असाल तर ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणा. खरं तर हा भेद आपण मराठीत रोज पाळतो: ‘सदरा शिवला’ वेगळं, ‘सदरा शिवून घेतला’ वेगळं. त्या ‘घेतला’चं काम इंग्रजीत ‘गॉट’ करतो. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की वर्गातले चेहरे खुलतात. गाडी दुरुस्त करून घेणं, दात काढून घेणं, घर रंगवून घेणं, सगळं याच साच्यात बसतं.

३. बसमधून ‘गेट डाउन’ आपल्याकडे सर्रास चालतं; लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणतात. बस, रेल्वे, विमान, सायकल यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. मोटार, टॅक्सीला ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’.

४. ‘गेट मॅरिड’नंतर ‘टू’ येतो. आपल्या ‘त्याच्याशी’मुळे तोंडात ‘विथ’ येतं, ते आवरावं.

५. अर्जात मात्र ‘गेट’ जपून वापरावा. हा शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, ‘टेक’ आणि ‘दे’सारखाच. असे शब्द घरात, बाजारात रुळले. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ हे लॅटिन कुळातले शब्द फ्रेंचमार्गे आले आणि कागदोपत्री स्थिरावले. म्हणून पत्र लिहिताना ‘रिसीव्ह’ शोभतो, मैत्रिणीशी बोलताना ‘गेट’.

६. अमेरिकेतली मुलं-नातवंडं ‘गॉटन’ म्हणतात, त्यांना टोकू नका. तिथं ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये ‘गॉट’ म्हणतात.

अर्थांची यादी पाठ करू नका. कानावर आलेलं ‘गेट’चं वाक्य अख्खं वहीत उतरवा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोलताना वापरा.