तेलाचं एक बोट

आमच्या खामगावच्या स्टुडिओत बाबांचा याशिका मॅट १२४-जी वीस वर्षं काचेच्या कपाटात नुसता बसून होता. दोन डोळ्यांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. याच कॅमेऱ्यानं बाबांनी देऊळगाव राजापासून शेगावपर्यंत लग्नं काढली. एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून मंगलाष्टकांना दोन, सप्तपदीला एक असा हिशोब मनात धरून ते बटण दाबायचे. भाची म्हणाली, ‘मामा, माझ्या साखरपुड्याचे फोटो रोलवर काढ,’ तेव्हा तो कपाटातून बाहेर आला.

१/१२५ ला शटर टक्क वाजलं. एका सेकंदावर ठेवलं तर पाती उघडली ती उघडीच. तीन-चार सेकंदांनी, म्हाताऱ्यानं कण्हत खाटेवरून उठावं तशी मिटली. या वयाच्या कॅमेऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. १९७० ते १९८६ या काळात हे मॉडेल बनलं, म्हणजे त्यातलं धाकटं पोरसुद्धा आता चाळिशीच्या घरात. मंद वेगांसाठी शटरच्या आत घड्याळासारखी बारीक चक्रं असतात. त्यांचं वंगण सुकून गोंदासारखं होतं. ते धुऊन काढायचं असतं. मी मात्र ‘चक्रं आहेत ना, मग घड्याळवाल्याकडे नेऊ’ एवढंच डोकं चालवलं.

त्या माणसानं भिंग डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाला, ‘भाऊ, हे तं कोरडं पडलं. याले तेलाचं बोट लावा लागते.’ पाच मिनिटांत शटर असं सुरेल चाललं की मी त्याला मागितल्याहून पन्नास रुपये जास्तच दिले.

साखरपुडा एप्रिलमध्ये, सिंदखेडराजाला. कॅमेऱ्याची पिशवी एसटीच्या खिडकीला, उन्हात. विधी उरकल्यावर लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ जोडीला उभं केलं, उरलेले फोटो काढले. आवाज प्रत्येक वेळी खणखणीत. घरी येऊन माठाच्या पाण्यानं डेव्हलपर वीस अंशांवर आणला (आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी चहाला चालेल असं असतं), रोल धुतला आणि उजेडात धरला. पाच चौकोन काचेसारखे कोरे, चार डांबरासारखे काळे, तीन बरे. उन्हानं तेल पातळ होऊन चक्रांवरून पात्यांवर उतरलं होतं. केसाएवढी पातळ पाती ओली झाली की एकमेकींना चिकटतात. कधी उघडतच नाहीत, कधी मिटत नाहीत. आवाज चक्रांचा येतो, पात्यांचा नाही. माझा कान तिथेच फसला.

म्हणून कुणाच्याही हाती कॅमेरा देण्याआधी आणि परत घेतल्यावर मागचं झाकण उघडा, भिंत पांढरी असेल तिकडे तोंड करा आणि पाती स्वतः बघा. ती कोरडी, निस्तेज दिसली पाहिजेत. तव्यावरच्या तेलासारखी सप्तरंगी झाक दिसली तर समजा, कुणीतरी बोट लावलंय. वेग तपासायला मोबाईल पुरे. स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघत असतील, तर १/३० चं शटर साधारण आठ चित्रांत उघडं दिसायला हवं. विसांत दिसलं तर ते सुस्त आहे. १/५०० ची परीक्षा या पद्धतीनं होत नाही, ती सोडून द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडली. मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजाराकडच्या एका ओळखीच्या ओळखीतून, मी कॅमेरा कुरिअरनं पाठवून दिला. कुणाचं नाव घेत नाही. चूक माझीही होती. चिठ्ठीत ‘शटर दुरुस्त करणे’ इतकंच लिहिलं. आत तेल आहे हे लिहिलं नाही, काय काय उघडणार हे विचारलं नाही, वरची रक्कम ठरवली नाही. पाच महिन्यांनी कॅमेरा आला तो भाचीच्या हळदीच्या दिवशी. पाती कोरडी, वेग बरोबर. मी खूश. तपासणीचा रोल न काढता थेट लग्नाला.

लग्नाच्या निगेटिव्हची पहिली कॉपी काढली. नवरीचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा मऊ, आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं स्वच्छ की तारीख वाचावी. सगळे बारा असेच.

अकोल्याचे एक निवृत्त मेकॅनिक काका भेटले नसते तर मी कॅमेरा भंगारात दिला असता. त्यांनी झाकण उघडलं, फिल्म ज्या रुळांवर टेकते तिथं धुरकट चिकटपट्टी ताणून लावली, शटर ‘बी’वर ठेवून केबलनं उघडं अडकवलं आणि कॅमेरा लांबच्या मोबाईल टॉवरकडे धरला. वरच्या काचेवर टॉवर कोरीव, पट्टीवर मात्र धुरळा. शटर धुताना खालचं भिंग काढून परत बसवलं होतं, पण वरच्या भिंगाशी त्याचा मेळ घातला नव्हता. डोळ्याला जे स्पष्ट दिसत होतं ते फिल्मवर पडतच नव्हतं. काका म्हणाले, ‘याले म्हातारपणाचा रोग कमी, उपचाराचा जास्त झाला.’

ती चिकटपट्टी आता माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीतच असते. दुरुस्तीहून आलेल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर रोल घालण्याआधी हा प्रयोग कराच. आणि मेकॅनिकला कॅमेरा देतानाच तीन गोष्टी विचारा: काय उघडणार, जास्तीत जास्त किती पैसे, आणि भिंग काढलं तर फोकस जुळवून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला तर कॅमेरा उचलून घरी या. ‘नवा पार्ट टाकतो’ म्हणाला तर तो कुठून येणार तेही विचारा. याशिका कंपनी १९८३ मध्ये क्योसेरात गेली आणि क्योसेरानं २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच गुंडाळला. आता पार्ट येतो तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून.

मीटरवर पैसे घालवू नका. तो पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे आणि ती बॅटरी आता मिळत नाही. साधी १.५ ची टाकली की काटा खोटं बोलतो. कानाच्या यंत्रातली ६७५ नंबरची रबरी कडी लावून बसते, पण महिना-दोन महिने टिकते. मी बाबांचाच हिशोब वापरतो. लख्ख उन्हात १६ चं छिद्र आणि १०० च्या फिल्मला १/१२५.

काकांनी मेळ घालून दिला, पैसे घेतले आणि सेल्फ-टायमरच्या दांडीवर औषधाची पट्टी चिकटवली. म्हणाले, ‘हे अडकलं तं पुरं शटर अडकते. बोट लावू नका.’ गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाच्या बारशाला गेलो होतो. तिनं पट्टी बघून विचारलं, ‘मामा, याला काय लागलं?’